१६ की १८? ड्रम्ससाठी सिंबल निवडताना

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मागच्या गॅदरिंगला आपल्या बँडचं जे पहिलं गाणं झालं, त्यातला एकही शब्द तुम्हाला कळला नसेल, तर त्यात साउंडवाल्याचा दोष नव्हता आणि गायकाचाही नव्हता. दोष माझा होता. ड्रम्सवर मी होते, आणि माझ्या डाव्या बाजूला एक चकचकीत १८ इंची हेवी क्रॅश सिंबल लटकत होतं. तेही तुमच्याच वर्गणीतून आणलेलं. १४० जणांनी दिलेले प्रत्येकी १०० रुपये, म्हणजे एकूण १४,०००.

गाणं आमच्या गायकाने स्वतः लिहिलं होतं. तो फायनल इयरला, त्यामुळे त्याचं हे शेवटचं गॅदरिंग. त्याचे आईवडील बार्शीहून एसटीने आले होते आणि मागून चौथ्या रांगेत बसले होते. वडील रिटायर्ड प्राथमिक शिक्षक. कार्यक्रम संपल्यावर ते स्टेजमागे आले, सगळ्यांच्या हातावर पेढे ठेवले आणि मला म्हणाले, "छान वाजवलंस गं पोरी. फक्त शब्द काही कळले नाहीत." गायक हसला आणि माइकची वायर गुंडाळत बसला. मला मात्र त्या रात्री मेसचं जेवण गेलं नाही.

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागले. थोडं व्हायब्रेशन्सच्या पुस्तकातून, थोडं अकूस्टिक्समधून आणि बरंचसं एका ऑर्केस्ट्रावाल्या काकांकडून जे कळलं, ते इथे लिहिते आहे. त्या १४,००० रुपयांचा हा हिशेब समजा.

आधी ओळखपरेड

सिंबल म्हणजे आपली झांज. व्हाउचर पास करताना विद्यार्थी विभागातल्या काकांनी विचारलं होतं, "सिंबॉल विकत कशाला आणायचं? छापून घ्या ना!" तेव्हा नुसतं "झांज" म्हटलं असतं तर काम लवकर झालं असतं.

ड्रम सेटवर साधारण तीन प्रकारची सिंबल्स लागतातच. पहिली हाय-हॅट. एकावर एक अशा दोन थाळ्या, डाव्या पायाच्या पेडलने उघडझाप करणाऱ्या. गाण्याचा 'टिक-टिक-टिक' धागा बहुतेक वेळा हीच चालवते. दुसरी राइड. ही सगळ्यात मोठी असते, उजव्या हाताला असते आणि तिच्यावर काठीच्या टोकाने सतत ठेका धरतात. तिसरा क्रॅश. धृपद सुरू होताना, म्युझिक पीस संपताना जो 'छाऽऽन' आवाज होतो, तो याचा. याशिवाय छोटं स्प्लॅश असतं, ८ ते १२ इंचांचं, आणि कडा उलट वळवलेलं चायना असतं. पण ही दोन म्हणजे जेवणातलं लोणचं. नसलं तरी पोट भरतं.

सिंबलचं माप म्हणजे त्याचा व्यास, आणि तो सगळीकडे इंचातच सांगतात. नवशिक्यांच्या सेटमध्ये बहुधा १४ ची हाय-हॅट, १६ चा क्रॅश आणि २० ची राइड असते. आपल्या जिमखान्याच्या किटमध्येही हेच होतं. त्यातला क्रॅश काठापासून तडकला, म्हणून नवीन घ्यायचं ठरलं. दुकानात १६ आणि १८ दोन्ही होते, किमतीत थोडाच फरक. माझा विचार एकदम सोपा होता: तेवढ्याच पैशात दोन इंच जास्त! पिझ्झा निवडताना हे लॉजिक बरोबर आहे. सिंबलला ते चालत नाही.

इंच वाढले की काय होतं?

प्लेटच्या व्हायब्रेशनचं सूत्र इथे कामाला येतं. एकाच धातूच्या सपाट गोल प्लेटची फ्रीक्वेन्सी जाडीच्या सम प्रमाणात आणि व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. सिंबल काही अगदी सपाट नसतं, मध्ये घुमटी असते आणि पृष्ठभागाला बाक असतो, त्यामुळे उत्तर तंतोतंत येत नाही. पण दिशा तीच राहते. १६ भागिले १८ चा वर्ग ०.७९ येतो. म्हणजे जाडी तेवढीच ठेवून १६ चं १८ केलं, तर आवाजाचा पाया सुमारे २१ टक्के खाली उतरतो. आणि १४ वरून २० वर गेलो तर हा आकडा ०.४९ होतो, म्हणजे जवळजवळ एक सप्तक खाली.

दुसरा फरक क्षेत्रफळाचा. १६ इंचाचं क्षेत्रफळ २०१ चौरस इंच, १८ चं २५४. दोनच इंच वाढले, पण हवा हलवणारा पत्रा २६ टक्क्यांनी वाढला. म्हणून मोठं सिंबल जास्त मोठ्याने वाजतं आणि जास्त वेळ घुमत राहतं.

पण सगळा खेळ व्यासाचा नाही. जाडी, म्हणजेच वजन, तितकंच महत्त्वाचं. एकाच १८ इंचात पातळ क्रॅश १४०० ग्रॅमच्या आसपास असतो, तर हेवी १७०० च्या पुढे जातो. पातळ सिंबल हलक्या हातानेही लगेच 'उघडतं' आणि लवकर विरतं. जाड सिंबलचा आवाज चढा आणि टणक असतो, पण ते उघडायला मेहनत लागते. हळू मारलं तर घंटेसारखं नुसतं 'टंग' होतं. क्रॅशसारखं वाजायला हवं असेल तर दणकाच द्यावा लागतो, आणि दणका दिला की मग ते कोणाचंच ऐकत नाही.

माझं नेमकं हेच झालं. माझ्याकडे दोनच आवाज उरले, 'टंग' आणि 'धडाम'. गायकाच्या मागे हलकेच वाजवायचा जो मधला आवाज लागतो, तो त्या सिंबलमध्ये नव्हताच, निदान माझ्या हाताला तरी तो सापडला नाही.

हा फरक आपल्या घरातही ऐकता येतो. भजनातला टाळ लहान आणि जाड असतो, म्हणून तो स्वच्छ, टोकदार 'टिण' वाजतो आणि गर्दीतही ठेका समजतो. मोठी पातळ झांज वाजवली की आवाज पसरतो. टाळ ठेका सांगतो, झांज सगळ्यांवर आवाजाची चादर टाकते. दोन्ही हवेत, पण अभंगाच्या ओळीवर चादर टाकायची नसते.

शब्द कुठे गेले?

आता मुख्य मुद्दा. क्रॅशवर काठी पडते तेव्हा सुरुवातीला खालच्या फ्रीक्वेन्सींमध्ये शक्ती असते. मग सेकंदाच्या एका छोट्याशा भागात ती वरच्या फ्रीक्वेन्सींकडे सरकते. आपण ज्याला 'छाऽऽन' म्हणतो, ती झळाळी मुख्यतः ३ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते.

आणि माणसाचे शब्द? स्वर खालच्या पट्ट्यात असतात, पण व्यंजनं, म्हणजे त, च, स, श यांच्यासारखी अक्षरं, वेगळी ओळखू येतात ती बरीचशी २ किलोहर्ट्झच्या वरच्या भागामुळे. आपला कानही २ ते ५ किलोहर्ट्झमध्येच सगळ्यात तिखट असतो. थोडक्यात, क्रॅश आणि व्यंजनं एकाच खोलीचे रूममेट आहेत. एकाने आवाज वाढवला की दुसऱ्याचा अभ्यास संपला. चाल ऐकू येते, 'आ' आणि 'ओ' ऐकू येतात, पण शब्द कळत नाहीत. सरांचं वाक्य अगदी शास्त्रीय होतं.

त्यात आणखी एक चूक. गायक माझ्या अगदी समोर, पाच फुटांवर उभा होता. माझा क्रॅश त्याच्या माइकमध्ये शिरत होता आणि तिथून मोठ्या स्पीकर्समधून हॉलभर जात होता. साउंडवाल्याने गायकाचा आवाज वाढवला की माझाही वाढायचा!

हॉल हेही एक वाद्यच

तुम्ही विचाराल, मग प्रॅक्टिसमध्ये हे कसं कळलं नाही? कारण आमची प्रॅक्टिस मैदानावर चालली होती, गॅदरिंगही मैदानावरच होणार होतं. उघड्यावर आवाज जातो तो परत येत नाही. तिथे १८ इंची क्रॅश मस्त वाटत होता. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस आला आणि सगळा कार्यक्रम हॉलमध्ये हलवला.

आपला हॉल आठवा. सिमेंटच्या भिंती, फरशी, वर पत्रा. गणितासाठी तो २० मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच धरू. आकारमान १४४० घनमीटर, आणि सगळ्या पृष्ठभागांचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मीटर. असे कडक पृष्ठभाग आवाज शोषतात तो अगदी थोडा, अंदाजे ६ टक्के धरला तर एकूण शोषण ५२ चौरस मीटर होतं. वॉलेस सबाइन यांनी हार्वर्ड विद्यापीठातल्या एका वाईट घुमणाऱ्या लेक्चर हॉलवर १८९५ पासून प्रयोग करून जे सूत्र काढलं, ते असं: ०.१६१ गुणिले आकारमान, भागिले शोषण. म्हणजे रिकाम्या हॉलमध्ये आवाज पूर्ण विरायला, म्हणजे ६० डेसिबल खाली यायला, जवळजवळ साडेचार सेकंद लागतात. एक माणूस साधारण ०.४५ चौरस मीटर शोषण करतो असं धरलं, तर १०० माणसांमध्ये हा वेळ २.४ सेकंदांवर येतो आणि ३०० माणसांमध्ये सव्वा सेकंदावर.

आमचं गाणं पहिलंच होतं. तेव्हा हॉलमध्ये जेमतेम १०० डोकी होती, बाकीचे मेसमध्ये. म्हणजे मी दर दोन-तीन सेकंदांनी क्रॅश मारत होते आणि आधीचा क्रॅश अजून भिंतींवर फिरतच होता. (यावरून एक विनंती: पुढच्या वेळी वेळेवर या. तुम्ही नुसते प्रेक्षक नाही, आमचे साउंड अब्सॉर्बर आहात.)

मग कोणतं माप कधी?

आता जे मला आधी माहीत असायला हवं होतं ते.

हाय-हॅट: १४ इंच हे सगळीकडे चालणारं माप. १३ ची जोडी चपळ आणि कुरकुरीत वाजते, बंद करताना लगेच मिटते. १५ ची रुंद आणि खालच्या पट्टीतली. लेड झेपेलिनचा जॉन बॉनहॅम १५ ची हाय-हॅट आणि २४ ची राइड वापरायचा. पण त्याच्यासमोर हजारो लोक आणि शेजारी जिमी पेजची गिटार होती. आपल्याकडे एक हार्मोनियम आणि दोन अकूस्टिक गिटार आहेत.

राइड: २० मध्यम मार्ग. २२ मध्ये आवाज खोल होतो आणि काठीच्या टोकामागे पसरणारी सळसळ वाढते. राइड घेताना ठेक्याचा प्रत्येक ठोका सळसळीतून वेगळा ऐकू येतो का, एवढंच बघायचं.

क्रॅश: छोट्या किंवा घुमणाऱ्या हॉलसाठी १४ ते १६, पातळ. मोठ्या स्टेजसाठी किंवा मोकळ्या मैदानासाठी १७, १८ किंवा त्याहून मोठा. दोन क्रॅश घ्यायचे असतील तर त्यात दोन इंचांचं अंतर ठेवावं, जसं १६ आणि १८. फारच जवळची मापं घेतली तर दोन्ही सारखेच वाटतात आणि पैसे फुकट जातात.

आणि प्रॅक्टिसची खोली विसरू नका. जिमखान्याची मागची खोली १० बाय १२ फुटांची. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तास सोसावा, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा. त्या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटं उरतात. छोट्या खोलीत जोरात मारलेला क्रॅश ड्रमरच्या कानाशी १०० च्या पुढे सहज जातो. परीक्षेच्या आधी दोन दिवस माझ्या कानात शिट्टी वाजत होती, ती रेक्टर मॅडमची नव्हती. आता मी इअरप्लग घालते.

थोडं धातूविषयी

मापाइतकाच धातूही बघावा. अगदी स्वस्त सिंबल्स पितळेची असतात, म्हणजे तांबं आणि जस्त. ती मऊ आणि बोथट वाजतात. बाकीची काशाची, म्हणजे तांबं आणि कथील. त्यातही दोन घराणी. बी-८ मध्ये ९२ टक्के तांबं आणि ८ टक्के कथील, आवाज लखलखीत. बी-२० मध्ये ८० आणि २०, आवाज जास्त भरलेला. तळपायाला तूप घासायची आजीची काशाची वाटी आठवते ना? ती या बी-२० ची चुलत बहीण.

सिंबल बनवणारं सर्वात जुनं प्रसिद्ध नाव झिल्जियन. त्यांची सुरुवात १६२३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये झाली, आणि १९२९ मध्ये कंपनी अमेरिकेत उभी राहिली. त्याच घरातल्या रॉबर्ट झिल्जियनने १९८१ मध्ये कॅनडात वेगळी चूल मांडली. सॅली, बिल आणि अँडी या आपल्या मुलांच्या नावांवरून त्याने तिला सेबियन हे नाव दिलं. वरच्या सूत्रातल्या सबाइन साहेबांशी तिचा काही संबंध नाही. मी आधी एकच समजले होते.

काकांचा एक प्रश्न

गॅदरिंगनंतर ते १८ इंची सिंबल विकायचं ठरवलं. गावात एक काका आहेत, गणपतीत आणि जत्रेत ऑर्केस्ट्रात ड्रम्स वाजवतात, बाकी वर्षभर रिक्षा चालवतात. मी त्यांना म्हणाले, "काका, हे सिंबल खराब निघालं." त्यांनी ते दोरीला टांगलं, एकदा हळू, एकदा मध्यम आणि एकदा जोरात वाजवलं. काठावरून नखाने पूर्ण गोल फिरवून तडा बघितला. मग विचारलं, "ताई, तुम्ही वाजवलं कुठं?"

मी म्हटलं, "हॉलमध्ये."

"मग सिंबल कशाला खराब म्हणता? हे मैदानाचं आहे. आमच्यासमोर जनरेटर चालू असतो, बाजूला पाळणा फिरतो, फटाके वाजतात. तिथं तुमचं सोळा कोणाला ऐकू येणार?"

चार महिने सूत्रं वाचून मला जे जमलं नव्हतं, ते त्यांनी एका प्रश्नात सांगितलं. आधी जागा, मग सोबत कोण आहे, मग इंच. त्यांनी १८ घेतलं आणि मला त्यांचा वापरलेला १६ इंची पातळ क्रॅश आणि वर ४,००० रुपये दिले. त्या पैशांतून इअरप्लग, काठ्यांच्या तीन जोड्या आणि एक साधा माइक स्टँड आला. उरलेले ६५० रुपये जिमखान्याच्या खात्यात आहेत, पावती नोटीस बोर्डवर लावली आहे.

दुकानात गेलात तर काकांची पद्धत लक्षात ठेवा. हळू, मध्यम, जोरात, असं तीनदा वाजवा. मग चार पावलं मागे जाऊन दुसऱ्याला वाजवायला सांगा, कारण ड्रमरला ऐकू येतं ते आणि श्रोत्याला ऐकू येतं ते वेगळं असतं. आणि सिंबल वाजत असताना सोबतच्या मित्राला काहीतरी बोलायला सांगा. त्याचे शब्द कळले पाहिजेत.

१५ सप्टेंबरला इंजिनिअर्स डेच्या कार्यक्रमात त्याच हॉलमध्ये तेच गाणं सेकंड इयरच्या एका मुलाने गायलं. गायकाला मी माझ्यापासून बारा फूट लांब आणि एका बाजूला उभं केलं. पूर्ण गाण्यात क्रॅश सहाच वेळा मारला, तोही शब्द संपल्यावर. शेवटच्या रांगेतून मोबाइलवर रेकॉर्डिंग करून घेतलं आणि चाकणला नोकरीत असलेल्या आमच्या जुन्या गायकाला पाठवलं. त्याने ते बार्शीला पाठवलं. दोन दिवसांनी सरांचा निरोप आला: "आता सगळे शब्द कळले. दुसऱ्या कडव्यात एक मात्रा जास्त होते आहे, त्याला सांग."

इतका आनंद मला कुठल्याच सेमिस्टरच्या रिझल्टने दिलेला नाही.

ता. क. किट मागच्या खोलीत आहे, किल्ली वॉचमन काकांकडे. कोणीही या, वाजवा. क्रॅश नेहमी थोडा तिरका ठेवा, काठी त्याच्या काठावरून निसटती मारा आणि वरचा नट कृपया घट्ट आवळू नका. सिंबल मोकळं डोललं नाही की ते तडकतं, आणि मग मला पुन्हा तुमच्याकडे १०० रुपये मागायला यावं लागेल.